पसंतीला नेलेली साडी

रत्नागिरी, रविवार, ३ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार लिहायची आपली पद्धत आहे, पण माझी कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच केला असं समजा. तुम्ही पोफळीला लेकीकडे, तुळसाकडे सुखरूप पोचलात हे मला एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. सख्ख्या भावाची खबर कंडक्टरने द्यावी, हेही ठीकच. तुळसाच्या वीजघराच्या कॉलनीत म्हणे दिवे कधी जात नाहीत. इथे रोज जातात.

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. त्या मंगळवारी गिऱ्हाइकांदेखत मी बोललो ते बोललो. बायकांनी चार साड्या पसंतीला म्हणून घरी न्यायच्या, सासूला-नणंदेला दाखवायच्या, एक ठेवून तीन परत आणायच्या, हे आबांच्या वेळेपासून चालत आलं, मान्य. पण गेल्या वर्षात तीन साड्या परत आल्याच नाहीत, तेव्हा 'दादा, तुम्ही दुकान लुटायला ठेवलंय' असं माझ्या तोंडून गेलं. तुम्ही चहा अर्धा टाकलात, चपला घातल्यात आणि गेलात. तेहतीस वर्षं एका गादीवर शेजारी बसलो आपण. मलाही बरं वाटलं नाही. असो.

काम असं आहे. आपलं व्यापारी मंडळ सरकारकडे निवेदन देणार आहे. दुकानातून माल उचलणाऱ्यांना कायदा फार मऊ पडतो. कलमात वर्षं मोठमोठी लिहिलेली असतात, पण पहिल्यांदा सापडलेला माणूस चांगल्या वर्तणुकीचा कागद लिहून देतो आणि संध्याकाळी जेवायला घरी. आमची मागणी अशी की पहिल्याच गुन्ह्याला निदान सहा महिने कैद व्हावी आणि कागद लिहून सुटायची सोय बंद व्हावी. मी चिटणीस, तेव्हा मसुदा माझाच. डिसेंबरात मंत्रीसाहेब येतील तेव्हा त्यांच्या हातात द्यायचा आहे. तुम्ही सगळ्यांत जुने सभासद, म्हणून पहिली सही तुमची हवी, असं अध्यक्षांचं म्हणणं. अध्यक्ष आता भागोजीशेट. लोखंडी सामानाच्या दुकानात चोर काय बैलगाडी घेऊन येणार, असं मी त्यांना विचारलं. त्यांना ते आवडलं नाही.

निवेदनाला गावातली खरी उदाहरणं जोडायची आहेत, आणि त्यातलं एक आपल्याच दुकानचं आहे. १९ जुलैला खाडीपलीकडची एक बाई पिशवीत दोन साड्या घालून पायरी उतरत होती. मी स्वतः अडवली आणि पोलिसांत दिली. खटला उभा राहतो आहे. आता तुम्हीच सांगा, मी म्हणत होतो ते खरं की खोटं.

सहीचं पान सोबत आहे. उलट टपाली पाठवा.

महिपत


रत्नागिरी, रविवार, १७ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप दादांस,

तुमचं कार्ड मिळालं. अख्खं कार्ड कोरं आणि मधोमध एक ओळ: 'ती बाई छत्री ठेवून गेली होती का?' आशीर्वाद नाही, खाली नाव नाही, आणि सहीचं पानही नाही.

तुम्ही काय विचारताय ते मला कळतं. मी काही काल दुकानात आलेलो नाही. पसंतीला माल नेणारी बाई आपली एखादी वस्तू खुंटीला ठेवून जायची. आपण कधी मागितली नाही, त्यांनीच पाडलेली चाल. पावसाळ्यात बहुतेक छत्रीच. 'शेटनू, छत्री हतंच हाय' एवढं म्हणायचं की झालं, म्हणजे बाई परत येणार. भर पावसात स्वतःची छत्री सोडून जाणारी बाई लबाड नसते, असं तुमचं शास्त्र. दादा, आषाढात रत्नागिरीतल्या कुठल्याही दुकानात जा, खुंटीला पाच-सहा छत्र्या असतातच. कुणाची कुठली कोण सांगणार?

झालं ते असं. तुम्ही गेल्यावर मी रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली: 'पसंतीसाठी माल घरी दिला जाणार नाही.' दारातून आत आल्याबरोबर दिसते. शनिवारी दुपारी भागोजीशेट चहाला आले होते आणि आमचं निवेदनाचंच बोलणं चाललं होतं. बाई आली, काहीतरी पुटपुटली, हिरवी साडी उचलून पिशवीत टाकली आणि निघाली. पिशवीत आणखी एक निघाली, मोतिया रंगाची. भागोजीशेटनी डोळ्यांनी बघितलंय. बाईचं नाव जन्नत. नवरा करीम कुवेतला असतो. 'आखातवाल्याची बायको, हिला काय कमी?' असं भागोजीशेट म्हणाले. मलाही तेच वाटलं होतं, पण दुसऱ्या अर्थाने. ते जाऊ दे.

ती म्हणते, थोरल्या शेटनी दिली. सापडलेला माणूस काहीही म्हणतो. एक रात्र चौकीत काढली, दुसऱ्या दिवशी जामीन झाला. साप्ताहिकात नावासकट बातमी आली, ती मी दिलेली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला काही खवखवत नाही. झोप लागत नाही ती कंबरेमुळे.

सहीचं पान पाठवा.

महिपत


रत्नागिरी, रविवार, २८ सप्टेंबर १९८६

दादा,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तुळसाला वाचून दाखवू नका.

दसऱ्याची साफसफाई चालू आहे. बुधवारी काशीने मागच्या खोलीतले गठ्ठे हलवले आणि तिला पाठीमागे एक छत्री सापडली. काळी, बायकी, मुठीला हिरवी चिंधी गुंडाळलेली. बाहेर येऊन मला विचारलं, 'ही कुनाची? आनी गठ्ठ्यांमागं कशी गेली?' मी म्हटलं, पडली असेल. काशी म्हणाली, 'छत्री पडते ती खाली. मागं नाय पडत.' तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुमच्या भावजयीला तुम्ही ओळखता.

तर सांगतो. तुम्हाला हे बहुतेक ठाऊक आहे, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं आहे.

सोमवारी, म्हणजे आपल्या भांडणाच्या आदल्या दिवशी, जन्नत आणि तिची नणंद शमीम दुकानात आल्या होत्या. शमीमचं लग्न ठरलं होतं. तुम्ही त्यांना दोन साड्या पसंतीला दिल्यात, एक मोतिया आणि एक जांभळी. मी पलीकडे शर्टाचं कापड फाडत होतो, पण मला सगळं दिसत होतं. जन्नतने आपली छत्री खुंटीला लावली आणि दोघी एका छत्रीतून गेल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मध्ये वाऱ्यामुळे होडी बंद होती, म्हणून बाई बारा दिवसांनी आली. आल्याआल्या विचारलं, 'थोरले शेट नाय?' मी नाही म्हटलं. मग तिने जांभळी साडी नीट घडी घालून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, 'ही नको म्हनतात. मोतिया पसंत हाय. ही हिरवी तिच्या बाजूला लावून बगायची हाय, दाखवून आनतंय.' पुटपुटली नव्हती, दादा. चांगलं मोठ्याने सांगितलं होतं, तुम्हाला सांगायची तसंच. पाटी तिने बघितलीच नाही, आणि बघितली असती तरी काय? ती उर्दू शिकलेली, मराठी अक्षर तिला येत नाही. गावात निम्म्या पलीकडच्या बायकांना येत नाही. हे मला ठाऊक असून मी तिच्याविरुद्ध तीच पाटी पुढे करत होतो.

मी तिला पायरीवर गाठलं आणि 'चोर' म्हणून ओरडलो. खरं सांगतो, ओरडताना मला वाटलं होतं की हिला पाटीचा धडा शिकवू आणि सोडून देऊ. पण शब्द बाहेर पडला, बाजार गोळा झाला, भागोजीशेट चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, 'महिपतशेट, सोडू नका. निवेदनाला हेच पाहिजे.' मग माघार घ्यायची मला लाज वाटली. पोलीस यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी खुंटीवरची छत्री काढली आणि मागे नेऊन टाकली. जन्नत पायरीवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला दिसलं. पंचनाम्यात खुंटीवर काही नव्हतं.

का केलं ते रोज स्वतःला विचारतो. निवेदनासाठी केलं असं म्हटलं तर बरं दिसतं. पण तसं नाही. मला तुम्हाला खोटं पाडायचं होतं. तेहतीस वर्षं गिऱ्हाईक आत आलं की पहिलं 'थोरले शेट नाय?' विचारतं. माझे केस पिकले तरी मी धाकटाच. बायकांवर विश्वास टाकता म्हणून गाव तुम्हाला मानतं, आणि मी मात्र खेकसणारा. एकदा तरी तुमचा विश्वास बुडालेला मला चारचौघांत दाखवायचा होता. आता हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

१८ नोव्हेंबरला तारीख आहे. पाच तारखा नुसत्या पुढे ढकलण्यात गेल्या. दर वेळी ती बाई होडीने येते आणि कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसते. माझी साक्ष झाली की ती आत जाईल, किंवा सुटेल. वकिलाला मी गोष्ट दुसऱ्याची म्हणून विचारून पाहिली. तो म्हणाला, 'फिर्यादीने साक्ष फिरवली तर खोट्या फिर्यादीचं बालंट त्याच्यावरच येईल.' मग माझ्या मनात असाही एक नीच विचार आला की तुम्हीच येऊन सांगावं, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

येऊ नका. मीच बोलेन. सहीचं पान फाडून टाका.

महिपत


रत्नागिरी, रविवार, २३ नोव्हेंबर १९८६

दादा,

तुमचं कार्ड तारखेच्या आदल्या दिवशी मिळालं. 'बोल' एवढाच शब्द होता. मी ते कार्ड खिशात घालून गेलो.

पण बोललो नाही. बोलायची वेळच आली नाही, असं म्हणता येईल. मी स्वतःला तसं म्हणून बघितलं, पण ते पटत नाही.

काशीने निघताना तळहातावर दही दिलं. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा नीट बोलली, 'सगला सांगा आनी मोकले व्हा.' कोर्टात मी काय बोलायचं ते मनात घोळवत बसलो. केस पुकारली. जन्नत पिंजऱ्यात गेली. तिचा वकील उठला आणि म्हणाला, आरोपीला गुन्हा कबूल आहे.

माझा कानांवर विश्वास बसेना. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला दोनदा विचारलं, कुणाचा दबाव आहे का, समजून कबूल करते आहेस का. ती म्हणाली, 'कबूल हाय.' वकिलाने तिला सांगितलं होतं की लढलीस तर वर्ष-दोन वर्षं तारखा पडतील, कबूल केलंस तर पहिला गुन्हा म्हणून कागदावर सुटशील. ती थकली होती. घरात सासू आजारी आणि नवरा इतका लांब. साहेबांनी चांगल्या वर्तणुकीच्या कागदावर सोडलं आणि सांगितलं, 'फिर्यादीच्या साक्षीची आता आवश्यकता नाही.' मी अर्धा उठलो. कारकुनाने हाताने खाली बसा म्हणून खूण केली, आणि मी बसलो. ओरडून सांगता आलं असतं, दादा. बाजारात ओरडायला माझा गळा चांगला चालला होता.

आता ती कायद्याने चोर आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी म्हण आपण कितीदा हसत हसत म्हणतो.

बाहेर आलो तर भागोजीशेट खूश. 'बघितलंत? गुन्हा कबूल करते आणि घरी जाते! याच्यासारखं उदाहरण नाही. चौथ्या क्रमांकावर घाला, नावासकट घाला.' जी सोय बंद व्हावी म्हणून मी तीन पानं लिहिली, त्याच सोयीने ती बाई त्या संध्याकाळी घरी गेली. आमच्या मनासारखा कायदा असता तर आज ती सहा महिन्यांसाठी आत असती, माझ्यामुळे. हे मी भागोजीशेटना तिथेच व्हरांड्यात सांगितलं. छत्रीचंही सांगितलं. ते आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, 'महिपतशेट, भाऊ गेल्यापासून तुमचं मन थाऱ्यावर नाही. हे पुन्हा कुठे बोलू नका.'

व्हरांड्यात आणखी एक कळलं. शमीमचं लग्न मोडलं. चोरांच्या घरातली मुलगी नको, असा निरोप मुलाकडून ऑगस्टातच आला होता. म्हणजे मी तुम्हाला 'मला खवखवत नाही' असं लिहीत होतो त्याच सुमाराला.

महिपत


रत्नागिरी, रविवार, २१ डिसेंबर १९८६

दादा,

चिटणीसपद सोडलं. मंडळाच्या बैठकीत उभा राहून सगळं सांगितलं आणि आपल्या दुकानचं उदाहरण निवेदनातून काढा म्हटलं. पंधरा-वीस जण होते. कुणी रागावलं नाही, तेच वाईट वाटलं. एकजण म्हणाला, कोर्टात कबुली झाली आहे, आता तुम्ही काय म्हणता त्याला अर्थ नाही. दुसरा म्हणाला, एक उदाहरण कमी पडलं तर निवेदन हलकं होईल. मंगळवारी ते मंत्रीसाहेबांना दिलं. चौथ्या क्रमांकावर जन्नतचं नाव आहे, आणि अक्षर माझं आहे.

त्याआधी मी होडीने पलीकडे गेलो होतो. वकिलाकडून समजून घेतलं होतं की मी प्रतिज्ञापत्र केलं तर वरच्या कोर्टात जाऊन तिच्यावरचा डाग पुसता येईल. माझ्यावर खटला झाला तर होऊ दे, अशी तयारी केली होती. दोन्ही साड्या कोर्टातून सोडवून बरोबर घेतल्या होत्या, आणि छत्रीही. काशी म्हणाली, मी पन येते. मी म्हटलं, नको, एकट्याने जायला हवं.

जन्नत ओटीवर तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही, पण 'बसा' म्हणाली. सासूने आतून पाणी पाठवलं. छत्री तिने घेतली आणि बाजूला ठेवली. साड्यांकडे बघितलंही नाही. मी प्रतिज्ञापत्राचं सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसंच, काही लपवलं नाही. ती सूप हलवत ऐकत होती.

मग म्हणाली, 'परत कोर्ट?'

मी म्हटलं, 'तुमचं नाव स्वच्छ होईल.'

'पाच फेऱ्या केल्या मी. सहावीला कबूल केला नि सुटली. आता तुमाला निज लागत नाय म्हनून मी परत पिंजऱ्यात उभी ऱ्हवू?'

होडीत बसल्यापासून मी माझ्या मोठेपणाचाच विचार करत आलो होतो, हे तिच्यासमोर बसल्यावर कळलं. मी विचारलं, 'मग मी काय करू?'

तिने सुपातले दोन खडे वेचून बाहेर टाकले. मग म्हणाली, 'माजा नाव पेपरात आला. आता तुमचा येऊं दे. पन माजा परत नको.'

साड्या मला परत आणाव्या लागल्या.

त्याच साप्ताहिकात गेलो. मजकूर लिहून दिला: 'मी, महिपत, कापडाचा व्यापारी, जाहीर करतो की १९ जुलै रोजी माझ्या दुकानात कोणतीही चोरी झाली नाही. माल आमच्या दुकानानेच पसंतीसाठी दिला होता. हे ठाऊक असून मी जाणूनबुजून खोटी फिर्याद दिली.' संपादक भला माणूस. म्हणाला, बाईचं नाव नाही तर हे कुणाबद्दल ते लोकांना कळणार कसं? मी म्हटलं, चोर म्हणून कळायला वेळ लागला नव्हता, हेही कळेल. दुकानाचं नाव घातलं नाही, कारण त्यात तुमचं नाव आहे आणि तुम्ही काहीच वाईट केलं नव्हतं.

शुक्रवारी अंक आला. दुसरं पान, खालचा कोपरा. वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. 'हे ठाऊक असून मी जाणूनबुजून' काढून तिथे 'मी गैरसमजाने' छापलं होतं. तसाच छापखान्यात गेलो. संपादक म्हणाला, 'शेट, तुमच्या भल्यासाठीच केलं. जाणूनबुजून छापलं असतं तर उद्या तुम्हाला आत घेतील. आणि माणसाकडून गैरसमज होतोच की.' मी म्हटलं, दुरुस्ती छापा. तो हसला. दुरुस्ती छापणार नाही तो, मला माहीत आहे. गावाला गैरसमज पसंत पडला आहे. दुकानात येऊन लोक सांगतात, 'महिपतशेट, मोठं मन तुमचं!' काल भागोजीशेटसुद्धा पाठ थोपटून गेले. दादा, आयुष्यात पहिल्यांदा गाव मला तुमच्यासारखं मानायला लागलं आहे, आणि तेही खोट्यावर.

आज सकाळी एक अंक घेऊन पुन्हा पलीकडे गेलो. 'गैरसमजाने' हा शब्द मी पेनने खोडला होता आणि वर बारीक अक्षरांत माझे मूळचे शब्द लिहिले होते. दुसरं काय करणार? जन्नतने अंक शमीमकडे दिला. शमीम सातवीपर्यंत मराठी शाळेत गेली आहे. ती ओटीच्या खांबाला टेकून उभ्याने वाचू लागली, आवाजात काही न आणता. खोडलेल्या जागी थांबली आणि माझ्याकडे न बघता भावजयीला विचारलं, 'हतं खोडलानी हाय. छापलेला वाचू का लिवलेला?'

जन्नत म्हणाली, 'दोनी वाच.'

तिने दोन्ही वाचलं. मी तिथे बसून ऐकलं.

महिपत